कुत्रा नसलेली पाटी

सुधाकर,

काल तुझा जलदान विधी आणि शोकसभा झाली. मुंबईकरांना रजा काढावी लागू नये म्हणून शनिवार धरला होता. विहारात मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं, बौद्धाचार्यांनी सगळं अनित्य आहे हे नीट समजावून सांगितलं आणि मग माइक लोकांच्या हातात गेला. तू असतास तर पहिल्या भाषणालाच उठून बाहेर गेला असतास. किंवा त्याहून वाईट म्हणजे बसून राहिला असतास आणि बोलणाऱ्या प्रत्येकाला मध्येच थांबवलं असतंस.

आपल्या गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "सरांच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे." मी पांढरी साडी नेसून पुढच्या सतरंजीवर बसले होते, समोर तुझा फोटो, त्याला पांढऱ्या फुलांचा हार. आणि माझ्या कानात तुझा आवाज आला, "गृहीत काय धरलानी गो, बाय?" मी मनातल्या मनात उत्तर द्यायला लागले. आधी ती जागा भरलेली होती, हे एक. ती भरायचा कुणी तरी प्रयत्न करणार आहे, हे दोन. मग मला हसू फुटलं. सख्ख्या भावाच्या शोकसभेत! पदर तोंडाला लावला, खांदे हलत होते, मागच्या बायकांना वाटलं मी रडतेय, एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात फिरला आणि मग मी खरंच रडले. मेल्यावरसुद्धा तू मला धड रडू दिलं नाहीस.

पण खरा ताप पुढे होता. शेवटी अध्यक्ष पुन्हा उठले, घसा साफ केला आणि जाहीर केलं, "सरांचा रविवारचा वर्ग थांबणार नाही. त्यांच्या भगिनी, आपल्या बाई, तो यापुढे चालवतील." कुणी तरी टाळी वाजवली, मग शोकसभा आहे हे आठवून थांबला. मला कुणी विचारलं होतं? काल नाही, परवा नाही, कधीच नाही. त्याच वेळी माझी लेक वैशाली माझ्या शेजारी बसून माझ्या कानात सांगत होती, "आई, तुझी बॅग भरून ठेवलीय. सोमवारी सावर्ड्याला निघायचं. एकटी काय राहतेस इथे?" तिनंही विचारलं नव्हतं. एका बाजूला मला इथे ठेवणारे, दुसऱ्या बाजूला मला घेऊन जाणारी, आणि मध्ये मी, जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात शिकवून निवृत्त झालेली बाई, दोन्हीकडून गृहीत धरलेली.

आणि तुझा तर विषयच तो होता. 'विधान आणि गृहीतके.' स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातलं एक लहानसं प्रकरण, ज्याला बाकीचे शिक्षक एक तास देतात आणि पुढे जातात. तू त्याला पूर्वीपासून डोक्यावर घेतलं होतंस. तरुणपणी नोकरीत असताना खात्याच्या परीक्षेत याच प्रकरणानं तुला आपटलं, तेव्हापासून. लोक ज्याच्यात आपटतात त्याचं नाव काढत नाहीत. तू मात्र त्याच्याशी लग्न लावल्यासारखा वागलास, आणि खरं लग्न राहिलं ते राहिलंच. आठवतं का, तुझ्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो? मुलीचे वडील कौतुकानं म्हणाले, "आमची पोर शेतीतला सगळा करते." आणि तू चहाची बशी खाली ठेवून म्हणालास, "म्हणजे आमच्याकडे शेती हाय, असं तुम्ही गृहीत धरलंय." परतीच्या एसटीत मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. तू खिडकीतून बाहेर बघत गुणगुणत होतास.

माझे यजमान गेले, मी निवृत्त झाले आणि तुझ्याकडे राहायला आले, तेव्हा मला वाटलं होतं म्हातारपणी भावाबहिणीची सोबत होईल. सोबत कसली! घरात साधं वाक्य बोलायची चोरी. मासेवाली दारात येऊन "बांगडा ताजा हाय" म्हणाली, की तू तिला विचारणार, "तू सांगितल्याशिवाय आमाला कळणार नाय, असं धरलंस काय?" ती बिचारी टोपली उचलून पुढच्या घरी जाणार आणि मी दुपारी डाळ शिजवणार. कंडक्टर म्हणाला, "पुढं सरका, पुढं जागा आहे," तर तू मागे वळून मला विचारणार, यात काय धरलान. आणि मी सकाळी नेहमीसारखं म्हटलं, "भात झाला की हाक मारते," तर तू बोट वर करणार. "थांब. तू काय गृहीत धरलंस?"

"भात होणार हे," मी वैतागून म्हणायचे.

"ते तर हायच. आणखी?"

"मला तोंड आहे हे."

"आणखी गो?"

"तूच सांग, बाबा."

"मी हाकेच्या अंतरावर असणार हे."

"नसशील तर जाशील कुठे?" असं म्हणून मी चुलीकडे वळायचे. गॅस आला तरी मी त्याला चूलच म्हणते, त्यावरही तुझं काही तरी म्हणणं असायचंच.

पण शिकवायचास मात्र झकास. हे तुझ्या तोंडावर मी कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर त्यातही तू काही तरी शोधलं असतंस. विहाराच्या मागची ती खोली, पत्र्याचं छप्पर, उन्हाळ्यात भट्टी, आणि तरी दर रविवारी पोरं गच्च बसलेली. पावसची, गोळपची, पार पलीकडे नाट्याहून दोन एसट्या बदलून येणारी शबाना. तू फळ्यावर लिहायचास, "रत्नागिरीला लवकर पोचायचं तर सातची एसटी पकडा." खाली दोन गृहीतकं. एक, सातची एसटी सुटते. दोन, तिच्यात बसायला जागा मिळते. पोरं हात वर करून ओरडायची, "दोन्ही, सर, दोन्ही!" मग तू त्यांना उठवून बाहेर घेऊन जायचास.

बाहेर तात्यांच्या आंब्याच्या बागेचा गडगा. चुना नाही, माती नाही, नुसते जांभे दगड एकावर एक रचलेले. तू म्हणायचास, "हां, एकेक दगड काढून बघा. काढल्यावर गडगा ढासळला, तर तो दगड लागत होता. नाय ढासळला, तर तो नुसता तिथं बसला होता." पोरं दगड काढायची. काही दगड अलगद हातात यायचे, एखादा काढला की वरचा सगळा भाग धबाधब खाली. मग तू हात झटकून म्हणायचास, "आता वाक्यातला काढा. सातची एसटी सुटतच नाय, असं धरा. राहिला काय तुमचा सल्ला उभा? आता दुसरा काढा. जागा मिळत नाय, उभ्यानं गेलात. पोचलात का नाय? पोचलात! मग तो कशाला उचललात? बरोबर वाटला म्हणून?" मी विहाराच्या पायरीवर तांदूळ निवडत बसलेली असायचे आणि माझ्याही डोक्यात लख्ख उजेड पडायचा. शाळेत एवढी वर्षं घालवून मला असं शिकवायला सुचलं नाही.

तात्या मात्र दर रविवारी बागेतून ओरडत यायचे. मुंबईतली नोकरी संपवून गावी कलमं सांभाळत बसलेला माणूस, त्यांचा त्या गडग्यावर जीव. "कुणी पाडलान माझा गडगा?"

"तर्कशास्त्रानं पाडलान, तात्या," तू म्हणायचास.

"मग त्यालाच सांग बांधून द्यायला!"

आणि सोमवारी तू जाऊन बांधायचास, इतका वाकडा की मंगळवारी तात्या तो पुन्हा काढून स्वतः रचायचे. असं किती वर्षं चाललं. तात्यांनी एकदाही तुला वर्ग बंद कर म्हटलं नाही. काल शोकसभेत ते शेवटपर्यंत खांबाला टेकून उभे राहिले.

आता त्या पाटीकडे येते, कारण तिच्यावरून आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि अर्धवट भांडणाइतकं मला दुसरं काही सलत नाही.

तात्यांच्या बागेच्या बेड्यावर, म्हणजे फाटकावर, पत्र्याची पाटी आहे, 'कुत्र्यापासून सावध'. राजा नावाचा काळा कुत्रा होता तेव्हा ती लावली. राजा म्हातारा होऊन मेला, तात्यांनी त्याला कलमाखाली पुरला, दुसरा पाळला नाही. पाटी तशीच राहिली. आणि नेमका तुझ्या सरावाच्या पुस्तकात प्रश्न आला. विधान, घरावरची पाटी 'कुत्र्यापासून सावध राहा'. गृहीतक एक, घरात कुत्रा आहे. गृहीतक दोन, पाटी वाचणारा सावध होईल. पुस्तकातल्या उत्तरसूचीत उत्तर होतं, दोन्ही. मी म्हटलं, बरोबर आहे, दोन्ही. तू म्हणालास, फक्त दुसरं.

"कुत्रा नसेल तर पाटी खोटी नाही का?" मी विचारलं.

"खोटी असेल. पण पडत नाय."

"म्हणजे?"

"तात्यांची बघ. राजा मेला. पाटी हाय. यंदा एक तरी आंबा चोरीस गेला? कुत्रा काढला तरी गडगा उभा. पण वाचणारा सावध होतच नाय असं धर, मग पाटी लावून उपयोग काय? ती पडली. म्हणून लागतो तो वाचणारा. कुत्रा लागत नाय."

"मी पोरांना शिकवलं, लिहिलेलं खरं असलं पाहिजे."

"खरा-खोटा वेगळा गो, बाय. लागता, नाय लागता, ते वेगळा."

मी मासे साफ करत होते, विळीवरून हात काढून तुझ्याकडे बघितलं. "आणि उत्तरसूचीत दोन्ही लिहिलंय त्याचं काय?"

"उत्तरसूची चुकली."

"पोरांचा गुण जाईल, सुधाकर! तू तुझं तत्त्व कवटाळून बसशील आणि त्या शबानाचा एक गुण जाईल. तिची वयाची अट जवळ येत चाललीय. तपासणारा तुझा गडगा बघायला इथे येणार आहे का?"

तू फक्त हसलास, ते तुझं नाकातल्या नाकात हसणं, ज्यानं माझं डोकं फिरतं. त्यानंतर पावसाळे गेले, शिमगे गेले, आणि तो कुत्रा आपल्या घरात जेवायला बसायचा. चहाच्या वेळी, बाजारातून येताना, एकदा तर आजारी चुलत्याला बघायला गेलो तेव्हा त्याच्या खाटेपाशी. "उठल्यावर सांगा मला, काका," तू त्याला म्हणालास, "कुत्रा लागतो का नाय." तो म्हातारा आपल्या दोघांकडे बघत राहिला. मी कानाला खडा लावला होता की पुन्हा हा विषय काढायचा नाही, आणि दुसऱ्याच दिवशी मीच काढला.

आणि मग हा सोमवार आला. सकाळी तू छातीवर हात फिरवत ओटीवर बसलास आणि म्हणालास जळजळतंय. मी म्हटलं, रत्नागिरीला जाऊन डॉक्टरला दाखवून ये. एकदा नाही, दोनदा म्हटलं. आणि तू बोट वर केलंस. तेव्हाही!

"विधान," तू म्हणालास. "डॉक्टरकडे जा. गृहीतक एक, मी आजारी हाय. आता उलटं करून बघ. मी आजारी नाय. पडला काय तुझा विधान? पडला! चल, कोकम दे."

सुधाकर, मी त्या दिवसापासून हे वाक्य डोक्यात घोळवतेय आणि दर वेळी माझा संताप वाढतो. अरे, ही चूक तर पहिल्या रविवारी आलेली पोरं करतात! उलटं केल्यावर विधान पडलं, तर एवढंच ठरतं की ते गृहीतक लागत होतं. ते खोटं आहे, हे कुठे ठरलं? दगड काढल्यावर गडगा पडला, म्हणजे दगड तिथे नव्हता असं होतं का? तूच ओरडून सांगायचास, खरं-खोटं वेगळं, लागतं-न लागतं वेगळं. पोरांनी असं उत्तर दिलं असतं तर तू त्यांना अंगणात उभं केलं असतंस. आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून तू तेच उत्तर दिलंस. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! कोकम प्यायलास, बरं वाटतंय म्हणालास, आणि मंगळवारी दुपारच्या आधी सोमवारचा राहिलेला तात्यांचा गडगा रचायला गेलास तो तिथेच बसलास. तात्यांनी हाका मारल्या. मी धावत गेले तेव्हा तुझ्या मांडीवर एक दगड होता आणि तुझा हात त्याच्यावर होता.

लोक मला समजावतात, बाई, स्वतःला दोष देऊ नका. मी दोष देतच नाही. मी तुला सांगितलं होतं. मला दुःख आहे, भयंकर दुःख आहे, पण त्याच्यावर राग असा बसलाय, भातावर वरण बसावं तसा, की दोन्ही वेगळे करता येत नाहीत. लहानपणापासून मी तुला चिडले की 'मेल्या' म्हणायचे. दिवसातून कितीदा तरी. आता चिडतेय आणि तो शब्द तोंडाशी येऊन परत जातो. तेवढाही तू ठेवला नाहीस मला.

आज रविवार. सकाळीच वैशालीनं बॅग दारापाशी आणून ठेवली होती. मी ठरवलं होतं, खोलीवर जायचं, पोरांना सांगायचं, बाळांनो, मला हे झेपणार नाही, दुसरा शिक्षक शोधा, आणि सोमवारी सावर्ड्याला निघायचं. सरळ गेले. खोलीच्या दारावर तुझी ती पाटी होतीच, तुझ्या पहिल्या बॅचच्या पोरांनी रंगवलेली, 'सुधाकर सर. रविवारी सकाळी दहा.' आत पोरं बसली होती. एकही कमी नाही. मला वाटलं होतं निम्मी आली नसतील. मला वाटलं होतं, तू नाहीस म्हटल्यावर वर्ग पडेल. वर्ग पडला नव्हता. खरं सांगू? ते बघून मला बरं नाही वाटलं. मला राग आला, तुझ्या वतीनं.

मी खुर्चीवर बसले नाही, दाराशीच उभी राहिले आणि बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात शबाना उठली. ओढणी सारखी करत म्हणाली, "बाई, परीक्षेच्या आधी एकच विचारायचं होतं. कुत्र्याच्या पाटीचं. आमी तुमचंच उत्तर लिहायचं ना? दोन्ही?"

मला आधी कळेच ना. "माझं उत्तर?"

"सर म्हणालेले," शबाना म्हणाली. "शंभरदा म्हणालेले. 'परीक्षेत बायचं उत्तर लिहा. माझं उत्तर परीक्षेनंतर.' म्हणायचे, 'बाय बरोबर बोलते, तपासणारा गडगा बघायला येणार नाय.' पण आता सर नाहीत, म्हणून मी विचारलं, की तसंच ठेवायचं ना?"

सुधाकर, मी दाराची चौकट धरली. म्हणजे तू मान्य केलं होतंस. कधी केलंस? मासे कापताना, की चुलत्याच्या खाटेपाशी? आख्ख्या खोलीला सांगितलंस, नाट्याच्या पोरीला सांगितलंस, आणि घरी येऊन मला म्हणायचास, उत्तरसूची चुकली. एकदा सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं! पण नाही. सांगितलं असतंस तर भांडण संपलं असतं, आणि आपल्या दोघांच्या घरात भांडण संपल्यावर मग उरलं काय असतं, हे तुला माझ्याआधी कळलं होतं. मला हे आत्ता, लिहिताना कळतंय. त्या क्षणी मला फक्त तुझा कान पिरगाळावासा वाटला.

"तसंच ठेवायचं," मी शबानाला म्हटलं. "परीक्षेत दोन्ही." आणि मी खुर्चीवर बसले. ठरवून नाही बसले, पाय दुखत होते म्हणून बसले, पण बसल्यावर पोरांनी वह्या उघडल्या आणि मग उठायचं कसं? मी फळ्यावर एक विधान लिहिलं, 'रविवारचा वर्ग नेहमीप्रमाणे भरेल.' खाली गृहीतक एक, शिकवायला सर असतील. गृहीतक दोन, शिकायला मुलं येतील. मग मी पोरांना उठवलं आणि बाहेर गडग्याकडे नेलं. तात्या बागेत होते. पोरांनी दगडाला हात लावला तसे ते बघत राहिले. मी वाट बघत होते ते ओरडतील म्हणून. ते ओरडले नाहीत.

"तात्या, ओरडा की," मी म्हटलं.

"काय ओरडू?" तात्या म्हणाले. "पाडणारा गेला. बांधणारा पण तोच." मग शबानानं एक दगड काढला, वरचे चार खाली आले, आणि तात्यांचा आवाज फुटला, "कुणी पाडलान माझा गडगा?" पोरं हसली आणि तात्या तोंड फिरवून कलमांकडे गेले.

वर्ग सुटला तेव्हा शबाना दारावरच्या पाटीपाशी घुटमळली. मंडळाचा निरोप आला होता म्हणे. ही पाटी काढून ठेवायची, नवीन मोठी पाटी येणार, तिच्यावर तुझ्या नावापुढे 'स्मृती' आणि 'केंद्र' वगैरे, आणि उद्घाटन. "बाई, काढू ही?" तिनं विचारलं. "सर तर आता..."

"राहू दे," मी म्हटलं. "पाटीला कुत्रा लागत नाही. वाचणारा थांबला की झालं."

क्षणभर सगळ्यांना वाटलं बाईंचं डोकं फिरलं. शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी सख्ख्या भावाला कुत्रा म्हणते! मग शबाना हसली, आणि हसता हसता ओढणी डोळ्यांना लावली, आणि मग बाकीचीही. पाटी आहे तिथेच आहे. अध्यक्षांना मी फोन करून सांगितलं, वर्ग घेईन, पण उद्घाटन नको. आणि मला आधी विचारायला हवं होतं हेही सांगितलं. ते म्हणाले, "बाई, आम्ही धरूनच चाललो होतो." मी म्हटलं, "तेच तर."

वैशालीला सांगितलं, पोरांची परीक्षा होईपर्यंत मी इथेच. मग बघू. ती रुसून परत गेली, जाताना बॅगेतले माझे कपडे पुन्हा कपाटात लावून गेली. तिनं लावताना तुझे शर्ट बाजूला सारले नाहीत, त्यांच्या शेजारीच लावले.

तर सुधाकर, तू जिंकलास. वर्गापुरता जिंकलास. तू नाहीस आणि तो उभा आहे, एक दगड हलला नाही. तुझं उत्तर बरोबर होतं, मी पोरांना परीक्षेनंतर सांगेन तसं. हे मी जन्मात कबूल केलं नसतं, पण तू ऐकायला नाहीस म्हणून लिहितेय.

पण घरी आले, तांदूळ धुतले, भात ठेवला. कुकरची शिट्टी झाली. भात झाला. सवयीनं ओटीकडे तोंड केलं आणि हाक मारायला गेले. घरात भात होता, मला तोंड होतं, आणि हाकेच्या अंतरावर कुणी नव्हतं. वाचणारी मी एकटी इथे थांबून उपयोग काय? विहारात, परीक्षेत, तात्यांच्या बेड्यावर तुझं उत्तर चालेल. घरात कुत्रा लागतो. माझं उत्तर अजूनही दोन्हीच आहे.

तुझी,
बाय